मुका रिसिव्हर आणि ग्रॅहॅम बेल : एका बिघाडातून जन्मलेल्या टेलिफोनची गोष्ट

छत्रपती संभाजीनगर : पैठण, वैजापूर, कन्नड, सिल्लोडकडच्या जुन्या वाड्यांत, बंद पडलेल्या अडतीच्या टेबलावर किंवा माडीवरच्या फडताळात अजूनही एखादा काळा, वजनदार, चकतीचा टेलिफोन सापडतो. घरातली पोरं चकतीत बोट घालून फिरवतात, रिसिव्हर कानाला लावून हॅलो हॅलो करतात. कुठं लँडलाइन चालू असेल तर जोडून बघितला जातो. घंटी वाजते, पण कानात आवाज काही येत नाही. मग तो फोन शोकेसमध्ये जातो, नाहीतर भंगारवाल्याच्या गाडीवर.

पण टेलिफोन जगात आला तोच मुळात एका बिघडलेल्या रिसिव्हरमुळं. त्या दिवशी तारेच्या टोकाची एक पट्टी चिकटून बसली नसती, तर टेलिफोनची गोष्ट कदाचित वेगळ्याच माणसाच्या नावावर लिहिली गेली असती. तो बिघाड ज्यांच्या कानानं पकडला, त्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचं हे आयुष्य. जाता जाता घरातल्या मुक्या फोनचं दुखणं कुठं असू शकतं, तेही बघू.

आईला ऐकू येत नव्हतं

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातला. घरात त्यांना अलेक म्हणत. आजोबा आणि वडील दोघांचाही धंदा बोलणं शिकवण्याचा. शब्द स्पष्ट कसा उच्चारावा, जीभ कुठं लावावी, श्वास कसा सोडावा, हे ते लोकांना शिकवत. वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल यांनी तर उच्चारांसाठी एक चिन्हांची लिपी तयार केली होती. ओठ, जीभ, घसा यांची ठेवण त्या चिन्हांतून कळायची. ज्याला ऐकू येत नाही, त्यालाही ती चिन्हं बघून आवाज काढता येईल, असा तो विचार होता.

बोलण्यावर पोट असलेल्या या घरात आईला मात्र जवळजवळ ऐकू येत नव्हतं. एलायझा बेल कर्ण्यासारखी नळी कानाला लावून पियानो वाजवायच्या. बाकीची माणसं त्यांच्याशी त्या नळीतून मोठ्यानं बोलत. अलेकनं वेगळाच मार्ग काढला. तो आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू, खोल आवाजात बोलायचा. कानातून नाही तर हाडातून आवाजाची थरथर पोचते, हे त्या पोराला पुस्तक न वाचताच कळलं होतं.

शाळेत तो काही फार हुशार गणला गेला नाही. हात मात्र गप्प बसत नव्हते. मित्राच्या वडलांची पिठाची गिरणी होती. तिथं पोरांचा दंगा चालायचा. एकदा गिरणीवाल्यानं दरडावून काहीतरी उपयोगाचं काम करा म्हणून सांगितलं. गव्हाची फोलपटं काढणं हे तिथलं कटकटीचं काम. बारा वर्षांच्या अलेकनं खिळ्यांचे ब्रश लावलेलं फिरतं यंत्र बनवून ते काम सोपं करून दाखवलं. पुढं जगभर नाव झालेल्या माणसाचं पहिलं यंत्र धान्याचं होतं, हे आपल्या शेतकरी वाचकांना आवडावं.

दोन भाऊ गेले, घर बदललं

त्या काळात क्षयाला औषध नव्हतं. १८६७ मध्ये धाकटा भाऊ एडवर्ड गेला. १८७० मध्ये थोरला मेलव्हिल गेला. अलेकचीही तब्येत खालावत चालली होती. तीन लेकरांतलं एकच उरलं, तेही हातचं जाईल या भीतीनं आई-वडलांनी सगळं विकून बोट धरली आणि कॅनडा गाठलं. ब्रँटफर्ड गावाजवळ शेतवाडीचं घर घेतलं. मोकळ्या हवेत अलेकची तब्येत सुधारली.

१८७१ मध्ये तरुण बेल अमेरिकेतल्या बोस्टन शहरात बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायला गेले. वडलांची चिन्हलिपी वापरून ते मुलांना बोलायला शिकवत. दोनच वर्षांनी, १८७३ मध्ये, बोस्टन विद्यापीठात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. शिकवणीतल्या दोन विद्यार्थ्यांमुळं त्यांचं आयुष्य बदललं. एक जॉर्ज सँडर्स हा लहान मुलगा. दुसरी मेबल हबर्ड. लहानपणी तांबड्या तापानं, म्हणजे स्कार्लेट फीवरनं, मेबलची ऐकण्याची शक्ती कायमची गेली होती. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं ओळखायची. जॉर्जचे वडील थॉमस सँडर्स आणि मेबलचे वडील गार्डिनर हबर्ड या दोघांनीच पुढं बेल यांच्या प्रयोगांना पैसा पुरवला.

दिवसा शिकवायचं, रात्री तारा जोडत बसायचं

त्या वेळी दूरचा निरोप म्हणजे तार. तारेची अडचण अशी, की एका तारेवरून एका वेळी मोजकेच निरोप जायचे. रस्ता एक आणि बैलगाड्या शंभर, असा प्रकार. एकाच तारेवरून एकाच वेळी अनेक निरोप पाठवता आले तर मोठा पैसा होता. बेल यांची कल्पना साधी होती. वेगवेगळ्या सुरांत लावलेल्या पोलादी पट्ट्या तारेच्या दोन्ही टोकांना बसवायच्या. इकडं ज्या सुराची पट्टी थरथरेल, तिकडं फक्त त्याच सुराची पट्टी उत्तर देईल. म्हणजे प्रत्येक निरोपाला आपला सूर.

विजेचं काम त्यांना फारसं जमत नव्हतं. हात जोडीला मिळाला तो थॉमस वॉटसन या तरुण कारागिराचा. बोस्टनमधल्या चार्ल्स विल्यम्स यांच्या विजेच्या वर्कशॉपमध्ये तो कामाला होता. बेल यांनी चित्र काढून द्यायचं आणि वॉटसननं ते पितळ-लोखंडात उभं करायचं, अशी जोडी जमली.

याच काळात बेल यांनी एका मृत माणसाचा कान डॉक्टरकडून मिळवून त्यावर प्रयोग केला. कानाच्या पातळ पडद्याला गवताची काडी लावली आणि समोर बोललं, की काडी काजळी लावलेल्या काचेवर नक्षी काढायची. एवढासा पातळ पडदा कानातली हाडं हलवू शकतो, तर थोडा मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का हलवणार नाही? आणि लोखंड चुंबकाजवळ हललं, तर तारेत वीजही तशीच हलेल. टेलिफोनचा विचार इथं रुजला. पण थरथरीनं तयार झालेली एवढीशी वीज कानाला ऐकू येण्याइतकी ताकदीची असेल का, याची त्यांना खात्री नव्हती.

२ जून १८७५ : पट्टी चिकटली

त्या दिवशी वर्कशॉपच्या माळ्यावर बेल एका खोलीत आणि वॉटसन दुसऱ्या खोलीत होता. अनेक निरोपांच्या तारेचंच काम चाललं होतं. वॉटसनकडची एक पट्टी हलेना. स्क्रू जास्त आवळला गेल्यामुळं ती चिकटून बसली होती. वॉटसननं ती बोटानं ओढून सोडली, जशी एकतारीची तार छेडावी तशी.

दुसऱ्या खोलीत बेल यांच्या पट्टीतून आवाज आला. नेहमीचा तारेचा टकटक आवाज नव्हता. ओढलेल्या पट्टीचाच, सूर आणि गुंजन असलेला खरा आवाज होता. बेल धावत आले आणि वॉटसननं नक्की काय केलं ते विचारलं. काहीही हलवू नको म्हणून सांगितलं. मग दोघं कितीतरी वेळ तेच पुन्हा पुन्हा करत बसले.

झालं होतं असं, की स्क्रू आवळल्यामुळं वीज तुटत नव्हती, सलग वाहत होती. पट्टीच्या थरथरीबरोबर तीही कमी-जास्त होत होती. म्हणजे आवाजाचा चढउतार जसाच्या तसा तारेतून गेला होता. ज्या शंकेनं बेल अडकले होते, तिचं उत्तर एका बिघाडानं दिलं. दुसरा कोणी असता तर स्क्रू सैल करून पुढच्या कामाला लागला असता. पण आयुष्यभर मुलांचे उच्चार ऐकत आलेला कान होता तो. दोष आणि दान यातला फरक त्यानं ओळखला.

पेटंट आणि पहिलं वाक्य

१४ फेब्रुवारी १८७६ ला बेल यांच्या वतीनं पेटंटचा अर्ज दाखल झाला. त्याच दिवशी एलिशा ग्रे या दुसऱ्या संशोधकाचीही तशाच कल्पनेची नोंद त्याच कचेरीत पोचली. या योगायोगावर पुढं दीडशे वर्षं वाद चालू आहे. ७ मार्च १८७६ ला बेल यांना पेटंट मिळालं, क्रमांक १,७४,४६५.

आणि लगेच तीन दिवसांनी, १० मार्चला, बेल यांनी एका खोलीतून यंत्रात बोलून वॉटसनला आपल्याकडं बोलावलं. दुसऱ्या खोलीत रिसिव्हरला कान लावून बसलेल्या वॉटसनला शब्द स्पष्ट कळले आणि तो खरोखर उठून आला. तारेवरून गेलेलं ते पहिलं समजण्याजोगं वाक्य. म्हणजे टेलिफोनवरचं पहिलं काम हे आपल्या घरातल्यासारखंच, माणसाला हाक मारून बोलावण्याचं होतं.

जूनमध्ये फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन होतं. परीक्षा जवळ आल्या म्हणून बेल जायला तयार नव्हते. मेबलच्या हट्टामुळं ते गेले. ब्राझीलचे सम्राट दॉम पेद्रो तिथं पाहुणे होते. त्यांनी बोस्टनच्या भेटीत बेल यांचं बहिऱ्या मुलांचं काम पाहिलं होतं, म्हणून ते थांबले, यंत्र कानाला लावलं आणि चकित झाले. मग परीक्षक मंडळीही गोळा झाली. कोपऱ्यात पडलेलं यंत्र एका दुपारीत प्रदर्शनाचं आकर्षण झालं.

११ जुलै १८७७ ला बेल आणि मेबल यांचं लग्न झालं. लग्नाची भेट म्हणून बेल यांनी नव्या टेलिफोन कंपनीतले आपले दहा सोडून सगळे शेअर बायकोच्या नावावर केले. जगातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या धंद्याची मालकीण अशी बाई झाली, जिला टेलिफोन कधीच ऐकू आला नाही.

रिसिव्हरच्या पोटात काय असतं

३० जानेवारी १८७७ च्या दुसऱ्या पेटंटात बेल यांनी रिसिव्हरची जी रचना मांडली, ती पुढं शंभर वर्षं टिकली. कायमचं चुंबक, त्यावर बारीक तारेचं वेटोळं आणि समोर लोखंडाचा पातळ पडदा. विहिरीवरच्या मोटारीचं वाइंडिंग ज्यानं पाहिलंय, त्याला हे लगेच कळेल. वेटोळ्यातून बोलण्याची वीज गेली, की चुंबकाची ओढ कमी-जास्त होते, पडदा थरथरतो आणि हवेत आवाज उमटतो. बेल यांचं हे यंत्र बोलायला आणि ऐकायला एकच होतं. कधी तोंडाला लावायचं, कधी कानाला. बोलण्याच्या बाजूनं त्याचा आवाज क्षीण होता. ती उणीव एडिसन आणि इतरांनी कार्बनचा माइक आणून भरून काढली.

चकतीचं श्रेय मात्र बेल यांचं नाही. ते अल्मन स्ट्रोजर या अमेरिकेतल्या अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्या व्यावसायिकाचं. एक्स्चेंजमधल्या बाई आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याकडं वळवतात असा त्याला संशय आला, म्हणून त्यानं बाईशिवाय चालणारं एक्स्चेंजच बनवलं. त्याचं पेटंट १८९१ चं. चकती पुढच्या काही वर्षांत आली.

आता घरातल्या मुक्या फोनकडं वळू. घाईनं सगळं उघडून बसण्यापेक्षा क्रमानं गेलं, तर दुखणं लवकर सापडतं.

पहिलं म्हणजे लाइनची पिन काढा. नुसत्या लाइनवर पन्नासेक व्होल्ट असतात, पण घंटी येताना ते पाऊणशे-नव्वदपर्यंत जातात आणि चांगला झटका बसतो. आभाळात विजा कडकडत असतील तर फोनला हातच लावू नका.

दुसरं, दोष कानाकडचा की तोंडाकडचा ते ठरवा. समोरच्याला तुमचं ऐकू जातं पण तुम्हाला त्याचं येत नाही, तर दोष रिसिव्हरच्या बाजूचा. उलट असेल तर माइकमधली कार्बनची पूड गठ्ठा होऊन बसलेली असते. हातातला दांडा तळव्यावर हलकेच आपटला की बऱ्याचदा ती मोकळी होते.

तिसरं, कानाकडचं झाकण आट्यांवर फिरवून काढा. आत दोन तारा स्क्रूला बसलेल्या दिसतील. सुटलेली तार, हिरवट गंज, सैल स्क्रू, एवढ्यावरच अर्धे फोन बरे होतात. गंज बारीक पॉलिश पेपरनं हळूच घासा. दोरी वाकवताना आवाज येत-जात असेल, तर दोरीतली तार आत तुटलेली आहे.

चौथं, साधा दीड व्होल्टचा सेल घ्या. दोन तारा लावून रिसिव्हरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. टक असा आवाज आला, तर रिसिव्हर जिवंत आहे, दोष दोरीत किंवा फोनच्या पोटात शोधा. आवाज आला नाही, तर मल्टिमीटर लावा. काटा किंवा आकडा हललाच नाही, तर वेटोळं तुटलंय. मोटारीसारखं ते परत गुंडाळणं परवडत नाही. त्याच बनावटीच्या दुसऱ्या फोनची डबी बसवणं सोपं.

पाचवं, वेटोळं ठीक पण आवाज बारीक किंवा कर्रकर्र येतो, तर पडदा बघा. चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटला, पडद्यावर गंज चढला किंवा तो वाकला, की तो मोकळा थरथरत नाही. पडदा उचकटू नका, बाजूला सरकवून काढा. कीस चिकटपट्टीनं टिपा. चुंबकावर ठोकाठोक करू नका, त्यानं ओढ कमी होते. डबी कारखान्यातून बंद करून आलेली असेल तर ती फोडायच्या भानगडीत पडू नका.

सहावं कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. चकती फिरत असताना कानात टकटक होऊ नये म्हणून चकतीच्या मागच्या पितळी पट्ट्या तेवढ्यापुरता रिसिव्हर बंद करतात. चकती जागेवर आली की त्या सुटल्या पाहिजेत. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या फोनमध्ये त्या चिकटूनच राहतात आणि चांगला रिसिव्हर मुका होतो. तसंच रिसिव्हर ठेवायच्या खुंट्यांखालच्या पट्ट्यांचं. कोरा जाड कागद मधून ओढून पुसलं तरी काम होतं. म्हणजे बोस्टनच्या माळ्यावर चिकटली ती पट्टी आणि आपल्या घरातली ही पट्टी, दुखणं एकाच जातीचं.

एवढं करून आवाज आला, तरी एक गोष्ट ध्यानात ठेवा. चकतीचा फोन आकडे ठोक्यांनी मोजून पाठवतो, शून्याला दहा ठोके. आजच्या अनेक फायबर जोडण्यांना ते ठोके कळत नाहीत. अशा ठिकाणी आलेला फोन घेता येतो, बाहेर लावता येत नाही. तो फोनचा दोष नाही.

कोर्टाच्या पायऱ्या

पैसा दिसला तसे दावेदार उभे राहिले. आपणच आधी शोध लावला म्हणणारे, बेल यांचं पेटंट खोटं म्हणणारे, त्यांची रचना उचलून फोन विकणारे. सुमारे सहाशे खटले चालले. तारेचा धंदा हातात असलेल्या बलाढ्य वेस्टर्न युनियन कंपनीनंही टेलिफोन काढला होता. ती १८७९ मध्ये तडजोडीला आली. १८८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल बेल यांच्या बाजूनं दिला, तोही चार विरुद्ध तीन अशा एका मतानं.

बाकीच्यांची कामं मात्र खोटी नव्हती. जर्मनीच्या फिलिप राइस यांनी १८६१ मध्येच तारेवरून सूर पाठवले होते. इटलीहून अमेरिकेत आलेल्या अँतोनियो मेऊची या गरीब संशोधकानं १८७१ मध्ये आपल्या बोलत्या तारेची प्राथमिक नोंद केली होती. पुढं ती चालू ठेवायला त्याच्याकडं पैसे नव्हते. २००२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहानं ठराव करून त्याच्या कामाची दखल घेतली.

आपल्या देशात टेलिफोन फार उशिरा आला नाही. १८८२ मध्ये कोलकाता, मुंबई आणि चेन्नईला एक्स्चेंज सुरू झाली. बेल तेव्हा अवघे पस्तीस वर्षांचे होते. आपला मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये बेंगळुरूला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना निघाला आणि देशी फोन घरोघरी, दुकानोदुकानी दिसू लागले. तोवर आणि त्यानंतरही कित्येक वर्षं खेड्यातल्या माणसाला ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट बघत बसावं लागायचं, हे घरातले म्हातारे अजून सांगतात.

रिसिव्हर रुग्णाच्या अंगाला

१८८१ च्या जुलैत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. गोळी शरीरात कुठं अडकली ते कळेना. एक्स-रे अजून जन्माला यायचा होता. बेल यांनी रात्रंदिवस खपून धातू शोधणारं यंत्र केलं. शरीरावरून वेटोळं फिरवायचं आणि टेलिफोनच्या रिसिव्हरला कान लावायचा. धातू जवळ आला की आवाज बदलतो. आज पोलीस बंदोबस्ताला धातू शोधायचं जे यंत्र वापरतात, त्याचा हा पूर्वज.

पण राष्ट्राध्यक्षांच्या खाटेच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, त्यांनी आवाजात गोंधळ केला. शिवाय प्रमुख डॉक्टरांनी शरीराची उजवीच बाजू तपासू दिली, गोळी होती डावीकडं. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड गेले. त्याच उन्हाळ्यात बेल यांचं नुकतंच जन्मलेलं मूल श्वास न घेता आल्यामुळं गेलं. या दुःखातून त्यांनी छातीभोवती हवेचा दाब कमी-जास्त करून श्वास चालवणारं एक जाकीट बनवलं.

१८८० मध्ये त्यांनी आणखी एक यंत्र केलं होतं. त्यात आवाज तारेवरून नाही, उन्हाच्या झोतावरून जात होता. वॉशिंग्टनमध्ये एका छपरावरून सुमारे २१३ मीटर दूर असं बोलणं पोचलं. बेल यांना हा शोध टेलिफोनपेक्षाही मोठा वाटायचा. तेव्हा त्याचा उपयोग कोणाला दिसला नाही. आज ग्रामपंचायतीपर्यंत आलेल्या फायबरमधून आवाज प्रकाशावर बसूनच जातो.

बहिऱ्यांसाठी केलेलं आणि त्यावरचा आक्षेप

कोणी धंदा विचारला, तर बेल स्वतःला बहिऱ्यांचा शिक्षक म्हणवून घेत. १८८६ मध्ये एक बाप आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन त्यांच्याकडं आला. तिला दिसत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. बेल यांनी त्यांना बोस्टनच्या पर्किन्स संस्थेची वाट दाखवली. तिथून ॲन सुलिव्हन ही शिक्षिका मिळाली आणि ती मुलगी हेलन केलर म्हणून जगाला माहीत झाली. हेलन यांनी आपलं आत्मचरित्र बेल यांना अर्पण केलं.

पण याच कामात त्यांची एक बाजू आज टोचते. बहिऱ्या मुलांनी बोलायलाच शिकावं, हातवाऱ्यांची भाषा शाळेत नको, असा त्यांचा आग्रह होता. बहिऱ्यांनी आपसात लग्नं केली तर बहिरेपण वाढेल, असंही त्यांनी मांडलं. या आग्रहाला त्यांच्या नावाचं वजन मिळालं आणि अनेक देशांत मुलांची खुणांची भाषा शाळांतून हद्दपार झाली. कित्येक पिढ्यांना त्याचा त्रास झाला. आई आणि बायको दोघी बहिऱ्या, त्यांच्यावर जीव टाकणारा माणूस, तरी बहिऱ्यांची स्वतःची भाषा त्याला परकी वाटली. आज आपल्याकडं भारतीय सांकेतिक भाषा शिकवली जाते, दूरदर्शनच्या बातम्यांत दिसते. या बाबतीत काळानं बेल यांचं ऐकलं नाही, ते बरंच झालं.

शेवटची वर्षं

उतारवयात ते कॅनडाच्या बॅडेक गावाजवळ डोंगरावरच्या घरात रमले. तिथं पतंग उडवले, विमानं केली. त्यांच्या गटाचं सिल्व्हर डार्ट हे विमान २३ फेब्रुवारी १९०९ ला गोठलेल्या तळ्यावरून उडालं. १९१९ मध्ये त्यांच्या पाण्यावरून तरंगत धावणाऱ्या बोटीनं तासाला सुमारे ११४ किलोमीटरचा वेग गाठला. अभ्यासाच्या खोलीत मात्र त्यांनी टेलिफोन ठेवू दिला नाही. कामात घंटीचा त्रास नको होता. फोन उचलल्यावर हॅलो म्हणण्याची पद्धत एडिसन यांनी रुजवली, बेल यांना खलाशांची अहॉय ही हाक पसंत होती.

२५ जानेवारी १९१५ ला अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत लाइन सुरू झाली. न्यूयॉर्कहून बेल यांनी सॅन फ्रान्सिस्कोला बसलेल्या वॉटसनला एकोणचाळीस वर्षांपूर्वीसारखंच बोलावलं. वॉटसननं आता यायचं तर आठवडा लागेल असं उत्तर दिलं. मधलं अंतर दोन खोल्यांचं उरलं नव्हतं.

२ ऑगस्ट १९२२ ला बॅडेकच्या घरी बेल गेले. मेबल जवळ होत्या. दोन दिवसांनी डोंगरावर त्यांना पुरताना उत्तर अमेरिकेतले सगळे टेलिफोन मिनिटभर बंद ठेवण्यात आले. मेबलही पुढच्याच जानेवारीत गेल्या.

बेल यांचं नाव आपल्या गावात आजही घेतलं जातं, फक्त घेणाऱ्याला ते कळत नाही. गणपतीत, वरातीत डीजेचा आवाज किती डेसिबल झाला म्हणून पोलीस यंत्र लावतात, त्यातला बेल हा त्यांच्याच नावावरून आलेला आहे. खिशातल्या मोबाईलच्या स्पीकरमध्येही चुंबक, वेटोळं आणि पडदा तोच आहे, फक्त नखाएवढा झालेला. म्हणून माडीवरचा काळा फोन भंगारात घालण्याआधी एकदा झाकण काढून बघा, सेल टेकवा. टक असा आवाज आला, तर तो अजून बोलायला तयार आहे.